काचेवर कागद लावू नयेत

९ जून

प्रिय वहिनी,

पोचले एकदाची. बसने वाटेत दोनदा दम खाल्ला, मी तर घरी आल्यावर चपला न काढताच आडवी झाले. आठवडाभर तुझ्या घरी आयतं जेवले आणि सगळी ताकद तुमच्या नगरपालिकेत घालवून आले.

इतक्या वर्षांनी तुमच्या गावात काम निघावं आणि ते दादाच्याच ऑफिसचं असावं, हे काही मी मागून घेतलेलं नाही. आमच्या साहेबांना मी आधीच सांगितलं होतं, तिथे दाखल्यांच्या विभागात माझा सख्खा भाऊ मुख्य कारकून आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. ते म्हणाले, बरं झालं, निदान चहा तरी वेळेवर मिळेल. आता उद्या कोणी 'घरचंच कार्य' म्हणालं, तर तोंड मला द्यायचंय.

तळमजल्याची मापं झाली. पाणीपट्टी, घरपट्टी, दाखले, बांधकाम परवाने, आवक-जावक अशा पाच खोल्या आणि मधून बोळासारखा व्हरांडा. एक बाई बाळाच्या जन्माचा दाखला काढायला आली होती. बाळ कडेवर झोपलेलं, आणि तिला या दारातून त्या दारात धाडत होते. शेवटी मीच तिला दादाच्या टेबलाशी नेऊन बसवलं. तेव्हाच ठरवलं, की मधल्या भिंती काढायच्या, एकच मोठा हॉल करायचा, सगळी खाती एका रांगेत. माणसाने दारातून आत यावं आणि कुठे जायचं ते त्याला उभ्या उभ्या दिसावं.

पण एक सांगते, इतकं नीटनेटकं सरकारी ऑफिस मी आजवर पाहिलं नाही. माणूस उठला की खुर्ची टेबलाखाली जाते. कपाटाचं दार कधी उघडं नाही, वाटेत गठ्ठे नाहीत, खोकी नाहीत. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग, तोही ताजा. मी मापाची टेप जरा जमिनीवर ठेवली, तर शिपायाने ती दोनदा उचलून टेबलावर ठेवली. तिसऱ्यांदा मी त्याच्यावर करवादले, तर नुसता हसला आणि पुन्हा उचलली. दादाचा धाक दिसतोय. घरी स्वतःचा टॉवेल वाळत घालत नाही, आणि तिकडे हा दरारा.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपली. व्हरांड्याच्या भिंतीवर मुख्य दारापासून थेट दादाच्या टेबलापर्यंत एक तेलकट, काळपट पट्टा गेलाय, कमरेच्या जरा वर. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात, दुसरं काय. ती भिंत सगळ्यात आधी पाडणार आहे.

नगराध्यक्षांना काच हवी आहे. कारभार पारदर्शक करणार असं ते भाषणात बोलून बसलेत, तेव्हा आता दारं काचेची, आडभिंती काचेच्या. मलाही काच आवडते, उजेड आतपर्यंत जातो. माझी फक्त एक अट आहे, ती मी बैठकीत लिहून घ्यायला लावली. काचेवर कागद लावायचे नाहीत. सरकारी माणसाला काच दिसली की डिंकाची बाटली आठवते. मी केलेल्या दोन ऑफिसांचं या लोकांनी सहा महिन्यांत भिंताड करून ठेवलंय.

दादाला नकाशा दाखवला. कागद हातभर लांब धरून बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी एवढंच विचारलं, "दार कुठे आलं?" जिथे होतं तिथेच आहे म्हटलं. बरं म्हणाला आणि कामाला लागला. कौतुकाचा एक शब्द नाही. जाऊ दे, त्याच्याकडून कौतुक म्हणजे वाळूतून तेल.

तुझी,
छोटी

ता. क. मला वन्सं म्हणणं आता तरी सोड. म्हातारी झाल्यासारखं वाटतं.

*

२१ जून

प्रिय वन्सं,

अनेक आशीर्वाद. शब्द तुमच्या आईने शिकवलाय, आता या वयात जिभेवरून जायचा नाही. म्हातारं व्हायचं नसेल तर केस रंगवा.

पत्र वाचनालयातून लिहिते आहे. सकाळी पुस्तकांना कव्हरं घालून झाली की जरा निवांत मिळतो. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठवा. फोन करू नका. फोन बाहेरच्या खोलीत ह्यांच्या खुर्चीशेजारी, आणि ह्यांचे कान अलीकडे भलतेच तिखट झालेत. मी मोरीत पुटपुटले तरी उत्तर येतं.

काम चांगलं काढलंत. बाळाच्या आईची दया आली ते बरंच झालं. पण वन्सं, ती व्हरांड्याची भिंत राहिली तर नाही का चालणार? मला त्यातलं काय कळतं म्हणा. पण मोठ्या हॉलमध्ये वारा फार येतो आणि ह्यांना वाऱ्याची सर्दी होते. काच घालायचीच तर दुधी घाला, आरपार दिसणारी नको. दारं तरी लाकडीच असू द्या, लाकडी दाराला एक शोभा असते. आणि जमीन सगळीकडे एका पातळीत असेल ना? हल्ली कुठेकुठे कारकुनांना बसायला अर्धी पायरी उंच ओटा करतात, तो करू नका. ह्यांचं टेबल आहे तिथेच असावं. दारावर दिवा मोठा लावा, हे संध्याकाळी निघतात तेव्हा फार मिणमिणता असतो.

एवढं सगळं मागितलं, म्हणाल वहिनीला झालंय काय. काही नाही. ह्यांच्या निवृत्तीला आता पाच वर्षं राहिली. ती याच खात्यात, याच टेबलावर सुखरूप पार पडावीत, एवढंच माझं मागणं आहे. सवयीचा माणूस आहे. सवय मोडली की माणूस मोडतो.

ह्यांना यातलं काही बोलू नका. बाकी सगळे ठीक. परवा ह्यांनी कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटून घेतलं. दार मीच उघडं टाकलं होतं, चूक माझी. टेंगूळ आता उतरलंय.

तुमची,
वहिनी

*

६ जुलै

प्रिय वहिनी,

खरं सांग, हे दादानेच लिहून घेतलंय ना? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दादाला केबिन हवी आहे. भिंत हवी, दुधी काच हवी, लाकडी दार हवं, वर दिवा. एक पाटी तेवढी मागायची राहिली.

तुझ्यावर रागावलेले नाही, पण दमलेय गं. परवाच्या बैठकीला मुद्दाम तुमच्या गावी सकाळी येऊन संध्याकाळी परतले, घरी यायलाही वेळ झाला नाही. म्हटलं कर्मचाऱ्यांना विचारावं, त्यांनाच बसायचंय. तर घरपट्टीच्या बाई उठून म्हणाल्या, फरशी पांढरी घालताय तर कडेने काळी किनार घाला. का, तर बरी दिसते. शिपाई म्हणाला, दार जुनंच ठेवा, त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आवक-जावकचे कारकून, जे सहसा स्वतःच्या पगारवाढीवरही बोलत नाहीत, ते म्हणाले, मुख्य कारकुनांचं टेबल हलवू नका. कारण विचारलं तर म्हणाले, तिथे पंखा चांगला लागतो. तिथे पंखाच नाही, वहिनी. मी स्वतः मापं घेतलीत.

आणि बोलणारा प्रत्येक जण बोलून झाल्यावर दादाकडे बघत होता. दादा कागदात मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "छोटीला योग्य वाटेल ते करा." म्हणजे स्वतः भला आणि बोलायला बाकीचे पुढे. पुन्हा घरी येऊन तुझ्याकडून पत्र लिहून घ्यायचं.

मी नाही म्हटलं. सगळ्यांना, सगळ्यालाच. एकाचं ऐकलं आणि तो एक माझा भाऊ निघाला, तर उद्या वर्तमानपत्रात नाव माझं येणार. टेबलाचं सांगते, नव्या नकाशातही ते जवळपास तिथेच आलंय, पण ते दाखल्यांची खिडकी तिथे सोयीची पडते म्हणून. बाकी भिंती पडणार, काच लागणार. कंत्राटदाराने मागणी नोंदवली आहे. अध्यक्ष रोज फोन करून विचारतात, काच कधी येणार. चाळीस माणसांच्या चाळीस आवडी सांभाळायच्या आणि शेवटी लोक म्हणणार, हॉल बरा आहे पण हवा येत नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

पुढच्या आठवड्यात तुमचं ऑफिस बाजारामागच्या गोदामात हलेल आणि भिंती पाडायला सुरुवात होईल. दादाला सांग, चार महिने कळ काढ. सर्दी झाली तर मफलर घाल म्हणावं.

तुझी,
छोटी

*

२९ ऑगस्ट

छोटी,

आज वन्सं म्हणत नाही, अहोजाहोही करत नाही. मानपान सांभाळायची ताकद नाही उरलेली.

तुझ्या पत्राचा राग आला होता, म्हणून दीड महिना लिहिलं नाही. पत्र फाडून टाकलं, मग वाटलं, तुझी तरी काय चूक. मी भिंत मागितली आणि कारण सर्दीचं दिलं. सांगितलंच नाही तर तुला कळणार कसं.

मंगळवारी हे त्या गोदामाच्या दारात पडले. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलं आहे. घरी येऊन सांगितलं, ओल्या फरशीवरून पाय घसरला. गोदामात फरशी नाही, मातीची जमीन आहे, हे मला ठाऊक आहे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. दाराच्या उजव्या अंगाला तुझ्या कंत्राटदाराची सिमेंटची पोती पडली होती. लहान मुलालाही दिसावीत अशी.

ह्यांना दिसली नाहीत. ह्यांना बाजूचं दिसत नाही, छोटी. समोरचं दिसतं. मला सुई ओवून देतात, बारीक अक्षर वाचतात. ऑफिसच्या तपासणीत समोरचा तक्ता वाचायला सांगतात, तो घडाघडा वाचून दाखवतात, त्यामुळे आजवर निभावलं. पण दोन्ही अंगांनी कोणी दार लोटत आणावं तशी नजर आत आत येते आहे. उजेड कमी झाला की तेवढंही नाही. मी बाजूला उभी राहून पाण्याचा पेला पुढे केला तर हात येत नाही. मुलगी सुट्टीला आली, शेजारून हात हलवत राहिली, हे पुढे निघून गेले. ती रुसली. मी म्हटलं, बाबा विचारात असतात.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या शाळेतल्या. हे परगावी कामाला जातो सांगून त्यांच्याकडे जातात, हे मला रिक्षावाल्याकडून कळलं. जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, पेशंटचं मी कोणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि तिथे म्हणाल्या, "घरात वाटेत काही ठेवू नकोस." त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी घरातलं एक स्टूल हलवलेलं नाही.

मला कळलंय हे ह्यांना माहीत नाही. ह्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं नाही. एका घरात बसून दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवतोय. झाकली मूठ. पण थकले गं मी. दिवसभर ह्यांच्या पावलांकडे कान लावून बसायचं आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायचं.

वर कळलं तर घरी बसवतील. नाहीतर काम काढून घेऊन नुसती खुर्ची देतील. तुझ्या भावाला तू ओळखतेस. नुसत्या खुर्चीत तो माणूस वर्षभरात संपेल. जुन्या ऑफिसात ह्यांना दारापासून टेबलापर्यंत नजर लागतच नव्हती. तुझ्या पहिल्या पत्रात तू भिंतीवरच्या पट्ट्याचं लिहिलं होतंस, लोकांचे हात म्हणून. तो लोकांच्या हातांचा नव्हता. ह्यांच्या एकट्याच्या हाताचा होता. ह्यांच्या डाव्या बाहीचा कफ मी रोज घासते, मला माहीत आहे.

भिंत आता गेली, त्याला इलाज नाही. काचेचं काही करता आलं तर बघ. कोणाला सांगू नकोस, ह्यांना तर नाहीच.

वहिनी

*

५ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. मग नकाशा काढला आणि तो पट्टा जिथे होता तिथे बोट ठेवून बसले. माझी मलाच लाज वाटली. मफलर घाल म्हणावं, असं लिहिलं होतं मी.

तुला बाबा फारसे मिळाले नाहीत. ते घरात चालताना भिंतीवरून हात फिरवत चालायचे. आई ओरडायची, भिंत काळी करता म्हणून. बाबा म्हणायचे, माझी भिंत आहे, मी तिला गोंजारतो. आम्ही दोघं पोरं हसायचो, त्यांच्या मागे रांगेने हात फिरवत चालायचो. पुढे ते संध्याकाळचे बाहेर जाईनासे झाले, तेव्हा आई म्हणायची, आता बाबांना घर आवडायला लागलंय. हे आज उलगडतंय मला. मी काल माझेही डोळे दाखवून आले. माझं ठीक आहे, काळजी करू नकोस. मुलीचे मात्र एकदा तपासून घे, काहीतरी निमित्त काढून.

आणि ती शिस्त, वहिनी. आत जाणाऱ्या खुर्च्या, पायऱ्यांवरचा ताजा पांढरा रंग, माझी टेप दोनदा उचलणारा शिपाई. तो धाक नव्हता गं. ते सगळे करत होते, आणि त्यांच्यातला एकही जण बोलला नाही. मी बैठकीत उभी राहून त्यांना विचारत होते, काळी किनार कशाला हवी. काल घरपट्टीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, बाई, त्या दिवशी तुम्ही किनार का मागत होतात, खरं सांगा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं," आणि फोन ठेवून दिला. माझ्याशी, सख्ख्या बहिणीशीसुद्धा, ताकास तूर लागू दिली नाही.

आता जे होईल ते ऐक. फरशीला काळी किनार घालते आहे. जमीन एकाच पातळीत. दारावर आणि टेबलांवर दिवे दुप्पट. मुख्य दारापासून दादाच्या टेबलापर्यंत कमरेच्या जरा वर एक लाकडी फळी लावते, अखंड, कुठेही न तुटणारी. अध्यक्षांना सांगितलं, लोकांना उभ्याने अर्ज लिहायला सोय. ते खूश झाले, उद्घाटनाच्या भाषणात घेणार आहेत.

काचेचं मात्र जमलं नाही. माल येऊन पडलाय, परत जाणार नाही. दादाच्या वाटेवर तीन काचेची दारं येतात. त्यांवर निदान रुंद पट्टे तरी चिकटवू द्या म्हटलं, तर अध्यक्षांनी जुनं इतिवृत्त काढून माझ्यापुढे ठेवलं. 'काचेवर काहीही लावले जाणार नाही', खाली माझी सही. एवढंच नाही, माझ्या आग्रहावरून त्यांनी पाटीही रंगवून घेतली आहे, मोठ्या अक्षरांत. 'काचेवर कागद लावू नयेत. आदेशावरून.' मुख्य दाराशी लागणार आहे ती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुझी,
छोटी

*

१४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

अनेक आशीर्वाद. प्लास्टर निघालं. मुलीचे डोळे तपासले, चष्म्याचं निमित्त केलं. चांगले आहेत.

काल संध्याकाळी हे एकटेच नवा हॉल बघायला गेले. मला म्हणाले, छोटीचं काम कसं झालंय ते सगळ्यांच्या आधी बघून येतो. आले ते नाकावर रुमाल धरून. विचारलं तर म्हणाले, शिंक आली आणि आपटलं. कुठे आपटलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दूध गरम करून दिलं.

जेवताना म्हणाले, छान केलंय पोरीने, फळी तर फारच छान. मग म्हणाले, आपण आता पुरे करावं म्हणतो. उद्घाटन पार पडलं की मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज देतो. घरी बसू, तुझ्याबरोबर वाचनालयात येत जाईन. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हौसेने बोलल्यासारखं बोलत होते, आणि भाताकडे बघत होते.

मी नुसतं द्या म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारी उद्घाटनाला याच. त्या गर्दीत ह्यांच्या शेजारी कोणीतरी घरचं हवं. मला तिथे काय म्हणून उभं राहता येईल?

तुमची,
वहिनी

*

२७ ऑक्टोबर

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्याचं कारण, तक्रार. तू मला कधी पत्र लिहीत नाहीस, वहिनीला लिहितेस हे मला माहीत आहे. वाचनालयाच्या पत्त्यावर येणाऱ्या पाकिटांची वर्दी आमच्या पोस्टमनकडूनच मिळते. तुम्हा बायकांच्या गुजगोष्टींत मला रस नाही. ही तक्रार मात्र कार्यालयीन आहे, म्हणून थेट तुझ्याकडे.

सोमवारी तू आलीस, फीत कापली गेली, फोटोसाठी म्हणून तू माझा हात धरून सगळा हॉल फिरवलास. काचा अशा स्वच्छ होत्या की अध्यक्षसुद्धा एकदा थबकले. बरं वाटलं. तू संध्याकाळच्या बसने गेलीस.

मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचलो, तर सगळे माझ्याही आधी आलेले. आणि तुझ्या काचेचं वाटोळं झालेलं. एकही दार सोडलं नव्हतं. बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने कागद. पाणीपट्टीची मुदत, तीही गेल्या वर्षाची. थुंकू नये, तीन वेळा. कोणाची छत्री हरवल्याची सूचना. एक जुनं कॅलेंडर. आणि कहर म्हणजे तुझीच पाटी, 'काचेवर कागद लावू नयेत, आदेशावरून', तिच्या प्रती काढून त्याच प्रत्येक दारावर चिकटवलेल्या.

मी ओरडलो. इतक्या वर्षांत ओरडलो नसेन इतका. म्हटलं, माझ्या बहिणीने जीव ओतून काम केलंय, तिची सहीनिशी अट आहे, काढा आत्ताच्या आत्ता. कोणी जागचं हललं नाही. घरपट्टीच्या बाई म्हणाल्या, हो, काढू, आणि पावती फाडायला लागल्या.

माझ्या टेबलाशेजारच्या दारावर एक कागद होता, तो तर कोरा. त्यावर अक्षरही नाही. मी शिपायाला विचारलं, हे काय. म्हणाला, मजकूर यायचाय. म्हटलं, कुठून यायचाय. म्हणाला, वरून. मी कागद काढायला हात वर केला. तेव्हा हॉलमध्ये एकदम सामसूम झाली. मी मान वळवून बघितलं. तुला ठाऊकच असेल, मला हल्ली सगळं बघायला मान पूर्ण वळवावी लागते. सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होते. आवक-जावकचे कारकून जागेवरून उठले होते आणि त्यांची खुर्ची टेबलाखाली ढकललेली होती. पलीकडच्याचीही. सगळ्यांच्याच.

शिपाई हळूच म्हणाला, "असू द्या, साहेब."

छोटी, मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या धाकाने खुर्च्या आत जातात. मला त्याचा अभिमान होता. घरी तुझ्या वहिनीला ऐकवायचो, माझ्या विभागात कशी शिस्त आहे बघ. मला भर हॉलमध्ये रडू आलं. मी कोऱ्या कागदाकडे तोंड करून उभा राहिलो, वाचत असल्यासारखा. मग हात खाली घेतला आणि असू दिलं.

निवृत्तीचा अर्ज दिलेला नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं, पाच वर्षं आहेत ती भरून टाकू, घरी बसून तुला त्रास कशाला. ती बरं म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि मग उगाचच कपाट आवरायला घेतलं.

तुझ्या फळीवर लोक अर्ज लिहितात. मीही तिच्यावर हात ठेवून येतो-जातो. ती दारापासून निघून नेमकी माझ्या टेबलापाशीच का थांबते, हे मी तुला विचारणार नाही. बाबा असते तर म्हणाले असते, गोंजारण्यासारखी आहे.

एक विनंती. तुला काय कळलं असेल ते कळलं असेल, वहिनीला मात्र त्यातलं काही सांगू नकोस. तिला काही माहीत नाही. साधी बाई आहे, घर नीटनेटकं ठेवते, एक स्टूल कधी वाटेत नसतं तिचं. कळलं तर उगाच जिवाला लावून घेईल. परवा माझे कपडे धुताना म्हणाली, अलीकडे तुमची बाही फार स्वच्छ असते. मी म्हटलं, नवं ऑफिस आहे. त्यावर तिने ती बाही पुन्हा एकदा उलटून पाहिली. सवडीने मीच सांगेन तिला.

तुझा,
दादा

ता. क. काचांबद्दल अध्यक्षांकडून तुला विचारणा होईल. कागद मुख्य कारकुनांच्या परवानगीने लावले आहेत असं कळवावं. त्या कोऱ्या कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो आज डिंक लावून मीच परत चिकटवला.